जुन्या पिकअपची मागची बाजू उंच करताना

व्याख्यानमालेच्या मांडवात वेदान्तापासून अर्थकारणापर्यंत अनेक विषय येऊन जातात. मोटारीच्या कमानपाट्यांना त्यांच्या पंगतीला बसवताना आम्हांला थोडा संकोच वाटला, हे कबूल केले पाहिजे. पण पहाटे चार वाजता बाजारपेठेत जाऊन उभे राहावे, म्हणजे हा संकोच उरत नाही. भाजी, दूध, कांदा, द्राक्षे, सिमेंटची पोती, लग्नाचे मांडवसामान, सारे आज पिकअपच्या हौद्यातून येते. ज्या वाहनावर साऱ्या गावाचा सकाळचा चहा अवलंबून आहे, त्याच्या मागच्या चाकांवर काय बसवलेले आहे हा प्रश्न एकट्या मिस्त्रीचा राहत नाही.

त्यातलाही एकच लहान प्रश्न आम्ही येथे घेतला आहे. गाडी दहा-पंधरा वर्षांची झाली, मागून बसली, किंवा मालकाला ती मुळातच बुटकी वाटू लागली, म्हणजे ती उंच करण्याचे पाच-सहा उपाय गॅरेजात सुचवले जातात. कोणी पाटा वाढवा म्हणतो, कोणी ठोकळा घाला म्हणतो, कोणी शॅकल लांब करा म्हणतो. या उपायांतून निवड कशी करावी? आमचे उत्तर थोडक्यात असे की, उपाय निवडण्याआधी उंची कशासाठी हवी हे ठरवावे. उंची, ताकद आणि गेलेला बाक परत मिळवणे या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. बहुतेक नुकसान या तिघींची गल्लत झाल्याने होते.

प्रथम ही रचना समजून घेऊ. ज्यांनी टांगा पाहिला आहे त्यांना ती नवी नाही. टांग्याखाली एकावर एक रचलेल्या लोखंडी पट्ट्या असत. त्यांना आपण कमानी म्हणत आलो, आणि कमान म्हणजे धनुष्य. पिकअपच्या मागच्या दोन्ही बाजूंना तीच धनुष्ये आडवी टाकलेली असतात. सर्वांत लांब पट्टी म्हणजे मुख्य पाटा. त्याची दोन्ही टोके वळवून त्यांचे डोळे केलेले असतात. पुढचा डोळा चासीला पक्का जोडलेला असतो. मागचा डोळा मात्र शॅकल नावाच्या झुलत्या दुव्यातून चासीला टांगलेला असतो. याचे कारण साधे आहे. ओझ्याने कमान सपाट होऊ लागली की तिची लांबी वाढते, आणि त्या वाढलेल्या लांबीला सरकायला जागा लागते. मुख्य पाट्याखाली उत्तरोत्तर आखूड होत जाणारे पाटे असतात. त्या सर्वांना मधोमध ओवणारा एक सेंटर बोल्ट असतो. मग हा सारा जुडगा यू-बोल्टांनी ॲक्सलवर, म्हणजे बैलगाडीच्या भाषेत आखावर, करकचून आवळलेला असतो.

आता या कमानीचा स्वभाव. इंग्लंडमध्ये रॉबर्ट हुक या शास्त्रज्ञाने १६७८ साली स्प्रिंगचा नियम ग्रंथरूपाने मांडला. स्प्रिंग जितकी ताणावी किंवा दाबावी तितक्या प्रमाणात तिचा विरोध वाढतो, एवढाच त्याचा आशय. तो आपल्या पिकअपला लावून पाहू. समजा, मागचे दोन्ही पाटे मिळून दर २०० किलोंना एक इंच बसतात. हौद्यात ८०० किलो माल भरला तर गाडी चार इंच बसेल. पाट्यांचा ताठरपणा पावपटीने वाढवला, म्हणजे एका इंचाला २५० किलो लागू लागले, तर तीच गाडी त्याच मालाने ३.२ इंच बसेल. म्हणजे भरल्या गाडीत पाऊण इंचाहून थोडे अधिक मिळाले. पण गाडी रिकामी परत येते तेव्हा तिच्याखाली हाच ताठरपणा उरतो, आणि त्याची किंमत प्रत्येक खड्ड्यात वसूल होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कमानीला बाक किती दिला आहे यावर गाडीची उंची ठरते. पाट्यांची जाडी, रुंदी, संख्या आणि लांबी यांवर तिचा ताठरपणा ठरतो. या दोहोंची सांगड तुटू शकते. फार बाक असलेली कमान मऊ असू शकते आणि जवळजवळ सपाट कमान ताठर असू शकते. त्यातही जाडीचा हिशेब फसवा आहे. पाट्याचा ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. सहा मिलिमीटरच्या पाट्याऐवजी सात मिलिमीटरचा बसवला तर जाडी एक षष्ठांशाने वाढली असे डोळ्यांना दिसते. ताठरपणा मात्र सुमारे ५९ टक्क्यांनी वाढतो. आठ मिलिमीटरचा बसवला तर तो दुपटीच्या वर जातो. "थोडा जाड टाकू" हे वाक्य गॅरेजात सहज बोलले जाते, आणि त्यातला 'थोडा' हा शब्द अशा प्रकारे आपल्याला चकवतो.

एवढे समजल्यावर मूळ प्रश्नाकडे येऊ. उंची कशासाठी हवी? आमच्या पाहण्यात चार तक्रारी येतात.

पहिली तक्रार शेतवाटेची. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या खोल होतात, मधला उंचवटा तसाच राहतो, आणि मागच्या ॲक्सलच्या मध्यावरचा भोपळ्यासारखा फुगीर भाग, ज्याला डिफरेन्शियल म्हणतात, तो त्या उंचवट्यावर घासतो. मालक म्हणतो, गाडी उंच करा. पण जरा विचार केला तर दिसेल की ॲक्सल चाकांना जोडलेला आहे, पाट्यांना टांगलेला नाही. पाटे कितीही उंच केले तरी ॲक्सलच्या वरचे सारे वर जाईल, चासी जाईल, हौदा जाईल. डिफरेन्शियल मात्र जमिनीपासून होते तितक्याच अंतरावर राहील. ते वर न्यायला एकच उपाय आहे, तो म्हणजे मोठा टायर. तोही जेवढा मोठा त्याच्या निम्मेच देतो. टायरचा व्यास दोन इंचांनी वाढला तर ॲक्सल एक इंच वर जातो. ही गोष्ट न कळल्याने कित्येक मालक हजारो रुपये खर्चून गाडी उंच करून आणतात, आणि ती त्याच उंचवट्यावर पुन्हा घासते.

दुसरी तक्रार म्हणजे गाडी रिकामी असतानाच मागून बसलेली दिसते. हा उंचीचा प्रश्नच नव्हे. ही म्हातारपणाची खूण आहे. पाट्यांचा बाक ओसरलेला असतो, एखादा पाटा तुटलेला असतो, किंवा डोळ्यांतले बुश झिजलेले असतात. तिसरी तक्रार अशी की रिकामी गाडी ठीक उभी राहते, पण भरली की मडगार्ड टायरवर टेकते. हा ताकदीचा प्रश्न आहे, आणि बहुधा ओझ्याचाही. चौथी तक्रार शोभेची, किंवा मोठा टायर बसवण्यासाठी जागा करण्याची. ती खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही, पण तिची किंमत मोजताना हात थोडा आखडावा. शिवाय कारखान्यातून येणारी पिकअप रिकामी असताना मागून किंचित उंचच असते, म्हणजे माल भरल्यावर ती समपातळीत येते. म्हणून शेजारच्या मोटारीशी तुलना करून तिला बुटकी ठरवू नये.

आता एकेक उपाय तपासू.

पहिला उपाय म्हणजे जुने पाटे सोडवून त्यांना पुन्हा बाक देणे. हे काम स्वस्त आहे आणि कुशल कारागीर ते घडवतो. पण पाट्याचे पोलाद साधे नसते. सिलिकॉन-मँगनीज मिसळलेले ते पोलाद तापवून, विझवून, पुन्हा मोजके तापवून त्याला पाणी दिलेले असते. भट्टीत लाल करून वाकवले आणि पुन्हा पाणी दिलेच नाही, तर आकार मिळतो आणि गुण जातो. असा पाटा काही महिन्यांत पुन्हा सपाट होतो. थंड अवस्थेत दाबून किंवा ठोकून बाक दिला तर पोलादाचा गुण टिकतो, पण थकलेला पाटा पुन्हा तरुण होत नाही. पाट्यावर वेल्डिंग तर कधीच करू नये. जोड दिलेला पाटा त्या जोडाच्या कडेलाच तुटतो.

दुसरा उपाय म्हणजे जुडग्यात एक पाटा वाढवणे. आपल्याकडे हा सर्वांत लोकप्रिय. वाढवलेल्या पाट्याला इतरांहून अधिक बाक असतो, त्यामुळे तो बाकीच्यांना खालून रेटतो आणि गाडी इंच-दीड इंच वर येते. याने उंचीही मिळते आणि ताठरपणाही वाढतो, म्हणून भरल्या गाडीच्या तक्रारीला तो लागू पडतो. तो लांब असावा, इतर पाट्यांच्या जाडीशी जुळणारा असावा. आखूड आणि जाड पाटा घातला तर वाकण्याचे सारे काम त्याच्या टोकाशी एकवटते, आणि वरचा पाटा नेमका तेथे तुटतो. शिवाय पाटा वाढवल्याने गाडीची भारक्षमता वाढली, हा समज मनातून काढून टाकावा. ॲक्सल तोच, बेअरिंग तीच, ब्रेक तेच, टायर तेच. पाटा वाढल्याने फक्त एवढेच होते की गाडी ओझ्याखाली वाकत नाही, आणि 'मला जड होते' हे सांगण्याची तिची एकमेव रीत आपण बंद करून टाकतो.

तिसरा उपाय ठोकळ्याचा. पिकअपमध्ये बहुधा पाटा ॲक्सलच्या वर बसलेला असतो. त्या दोहोंच्या मध्ये पोलादाचा किंवा बिडाचा ठोकळा घालावा आणि लांब यू-बोल्टांनी आवळावे. दोन इंचांचा ठोकळा नेमकी दोन इंच उंची देतो. पाट्यांचा स्वभाव बदलत नाही, गाडी पूर्वीइतकीच मऊ चालते, खर्च थोडा. हे गुण खरे आहेत. दोष असा की ठोकळा म्हणजे तरफ आहे. गाडी जोराने पुढे काढताना चाके एका दिशेला फिरतात आणि ॲक्सल स्वतः उलट दिशेला पिळला जाऊ पाहतो. हा पीळ पाट्यांना सोसावा लागतो. ठोकळा जितका उंच तितका हा पीळ पाट्यांना जास्त वाकवतो, आणि सरळ कमान नागमोडी होऊ लागते. भरली गाडी चढावर काढताना मागून ठकठक झटके बसतात ते बऱ्याचदा याचेच. म्हणून ठोकळा लहान असावा, एकसंध असावा, आणि सेंटर बोल्टाचे डोके बसायला त्यात खाच व खाली खुंटी असावी. एकावर एक दोन ठोकळे रचू नयेत, लाकडाचा तुकडा तर मुळीच घालू नये. पुढच्या ॲक्सलवर ठोकळा हा विचारच सोडून द्यावा. ब्रेक दाबताना पुढच्या चाकांवर जो भार येतो त्यात ठोकळा निसटला, तर स्टिअरिंग हातात असूनही गाडी हातात राहत नाही.

चौथा उपाय शॅकल लांब करण्याचा. येथे पुन्हा निम्म्याचा हिशेब आहे. शॅकल कमानीच्या एका टोकाला, ॲक्सल साधारण मध्यावर. म्हणून शॅकल दोन इंचांनी लांब केली की गाडी एकच इंच वर येते. उंच शॅकल आडव्या दिशेने हेलकावे खाते, आणि वळणावर गाडीची शेपटी डुलते. शिवाय कमानीचे मागचे टोक खाली गेल्याने ती तिरकी होते, ॲक्सलही तिच्याबरोबर फिरतो आणि त्याचे पुढचे नाक वर होते. त्याचा परिणाम पुढे सांगतो. अमेरिकेत याच दुव्याचा एक वेगळा उपयोग करतात. १९७३ ते १९८७ या काळातल्या शेव्हरोले पिकअपना मागच्या शॅकलची मूळ मांडणी अशी होती की चासीकडची कीलक खाली आणि पाट्याचा डोळा वर. हौशी मंडळी नवा आधार बसवून ही मांडणी उलटी करतात, आणि पाटा न बदलता सुमारे चार इंच उंची मिळवतात. युक्ती सुंदर आहे, पण ती त्या चासीची आहे. आपल्या गाडीची शॅकल आधीच कीलक वर, डोळा खाली अशी असेल, तर उलटवण्यासारखे काही उरतच नाही.

पाचवा उपाय पाटा ॲक्सलच्या खालून वर आणण्याचा. महिंद्रच्या जुन्या जीपगाड्यांत पाटे ॲक्सलच्या खालून जात. ते वर घेतले की ॲक्सलची जाडी आणि जुडग्याची जाडी मिळून सुमारे पाच-सहा इंचांचा फरक पडतो. डोंगरात गाड्या नेणारे हौशी लोक हे करतात. पण यात ॲक्सलवर नव्या बैठका वेल्ड कराव्या लागतात, शाफ्ट, ब्रेकच्या नळ्या, स्टिअरिंगचे दांडे सारे बदलावे लागते. पोटासाठी चालणाऱ्या गाडीला हा उपाय नव्हे. आणि ज्या पिकअपचा पाटा आधीच वर आहे, तिला तो लागूच पडत नाही.

सहावा उपाय सर्वांत नीरस आणि आमच्या मते बहुधा सर्वांत शहाणपणाचा. कारखान्याच्या मापाचा नवा जुडगा, नवे बुश, नवे यू-बोल्ट आणि नवे शॉक ॲब्सॉर्बर. ओसरलेला बाक यानेच परत मिळतो. खरोखर अधिक उंची हवीच असेल, तर अधिक बाक दिलेला पूर्ण नवा जुडगाही घडवून मिळतो. तो पाट्याचे काम पाट्याकडेच ठेवतो, तरफ निर्माण करत नाही. पैसे मात्र जास्त लागतात.

आता ते राहिलेले पुढचे नाक. गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत एक फिरता शाफ्ट जातो. गाडी खालीवर होताना त्याला वाकता यावे म्हणून त्याच्या टोकांना जे सांधे असतात त्यांना कारागीर 'क्रॉस' म्हणतात. पुस्तकांत त्यांना हुकचा सांधा म्हणतात, आणि हा हुक तोच, स्प्रिंगचा नियम सांगणारा. या सांध्याचा एक खोडकर गुण आहे. तो तिरका असताना एका बाजूने एकसारखी गती दिली तरी दुसऱ्या बाजूने ती एकसारखी निघत नाही. प्रत्येक फेऱ्यात दोनदा ती वाढते आणि दोनदा कमी होते. दहा अंशांच्या कोनात हा फरक दीड टक्क्याच्या आसपास असतो. कोन वीस अंश झाला की तो सहा टक्क्यांच्या वर जातो. दोन्ही टोकांचे कोन सारखे असले तर एका सांध्याची चूक दुसरा भरून काढतो. म्हणून गिअरबॉक्सचे तोंड आणि ॲक्सलचे नाक एकमेकांना समांतर असावे लागतात.

शाफ्ट ५० इंच लांब असेल, तर गाडी चार इंच उचलल्याने त्याचा उतार सुमारे साडेचार अंशांनी वाढतो. शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल, तर मागचा तुकडा आखूड असल्याने हा कोन आणखी वाढतो. ठोकळ्याने गाडी वर आली तर नाक समांतर राहते आणि कोन फक्त वाढतात. शॅकलने आली तर नाकच फिरते आणि दोन कोनांची जोडी मोडते. मग ठरावीक वेगाला गाडीची बुडापासून थरथर सुरू होते, क्रॉस लवकर जातात, सील गळू लागते. ॲक्सल आणि पाटा यांमध्ये पोलादाची पातळ पाचर घालून हे नाक जागेवर आणता येते. पण हे काम कोन मोजून करायचे असते, अंदाजाने नव्हे.

याहून गंभीर गोष्ट ब्रेकची आहे. काही पिकअपना मागच्या ॲक्सलवर एक लहान दांडी आणि तिला जोडलेला व्हॉल्व्ह असतो. चासी आणि ॲक्सल यांमधले अंतर पाहून तो गाडीत माल आहे की नाही हे ओळखतो. अंतर कमी म्हणजे माल भरलेला, मग तो मागच्या ब्रेकला पुरा दाब देतो. अंतर जास्त म्हणजे गाडी रिकामी, मग चाके जागीच घसटू नयेत म्हणून तो दाब कमी करतो. आपण गाडी तीन इंच उचलली आणि ही दांडी तशीच ठेवली, तर भरली गाडीही त्या व्हॉल्व्हला रिकामी वाटते. घाटात माल घेऊन उतरताना मागचे ब्रेक निम्म्या मनाने लागतात, सारा भार पुढच्या ब्रेकवर पडतो. चालक ब्रेकच्या मिस्त्रीला शिव्या देतो. खरा दोष पाट्याच्या मिस्त्रीचा असतो. ब्रेकची रबरी नळी, हँडब्रेकची केबल आणि शॉक ॲब्सॉर्बरची लांबी या तिन्हींना नवी उंची पुरते का, हेही त्याच दिवशी पाहावे.

उंची वाढली की गाडी उलटण्याची शक्यता वाढते, हे सर्वांना माहीत असते. किती वाढते हे सांगितले तर अधिक पटते. दोन चाकांमधले निम्मे अंतर आणि भारमध्याची जमिनीपासूनची उंची यांचे गुणोत्तर महत्त्वाचे. चाकांमधले अंतर १४० सेंटिमीटर आणि भरल्या गाडीचा भारमध्य १०० सेंटिमीटरवर धरला, तर ते गुणोत्तर ०.७० येते. भारमध्य ८ सेंटिमीटर वर गेला की ते ०.६५ वर उतरते. म्हणजे जे वळण ताशी ५० किलोमीटरला गाडीला उलटवते, ते आता ४८ लाच उलटवील. दोन किलोमीटर म्हणजे काहीच नव्हे, असे कोणी म्हणेल. पण चालकाच्या हाताला जी सवय लागलेली असते ती जुन्या गाडीची. वर हौद्यात क्रेटच्या थप्प्या रचल्या, की हा भारमध्य आणखी चढतो. आणि हौद्यात मजूर बसलेले असले, तर या गुणोत्तराचा दुसरा अर्थ सांगण्याची गरज नाही. मजूर हौद्यात बसवूच नयेत. बसवलेच जातात हे आपण रोज पाहतो, म्हणून गाडीची उंची हा त्यांच्याही जिवाचा प्रश्न आहे.

आमच्या ओळखीच्या एका टोमॅटो-उत्पादकाची हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. त्यांची पिकअप मागून बसली होती. एका गॅरेजात त्यांनी दोन्ही बाजूंना दोन-दोन जाड पाटे वाढवून घेतले. गाडी ऐटीत उभी राहिली. पण महिन्याभरात बाजारात त्यांचे तळचे क्रेट फुटक्या मालाचे निघू लागले. ताठर पाट्यांनी प्रत्येक खड्डा थेट टोमॅटोपर्यंत पोहोचवला होता. त्यांनी आम्हांला विचारले तेव्हा आम्ही फक्त टेप घेऊन गेलो. सपाट फरशीवर गाडी उभी केली, हवा सारखी केली, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजले. डावी बाजू उजवीपेक्षा पावणेदोन इंच खाली होती. जुडगे सोडवले तेव्हा डाव्या बाजूचा तिसरा पाटा सेंटर बोल्टापाशी तुटलेला आढळला. गंजाच्या रेषेवरून तो फार आधीच तुटला असावा असे दिसत होते. वाढवलेले पाटे काढून टाकले, मूळ मापाचे दोन्ही जुडगे नवे बसवले. गाडी पूर्वीच्या उंचीवर आली, तिला उंच करण्याची गरजच नव्हती. गृहस्थ म्हणाले, "आधी मोजले असते तर दोनदा पैसे गेले नसते." या विषयावरचे आमचे सारे व्याख्यान या एका वाक्यात आले आहे.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायदा, १९८८, याचे ५२ वे कलम सांगते की उत्पादकाने मुळात ठरवून दिलेल्या आणि नोंदणीपत्रात उतरलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने गाडीत करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात हीच गोष्ट ठासून सांगितली. मूळ मापाचे पाटे बदलणे ही दुरुस्ती आहे, मूळ रचना बदलून गाडी उंच करणे ही दुसरी गोष्ट. मधल्या शंकेच्या जागी परिवहन कार्यालयात आधी विचारावे. त्याचप्रमाणे जादा ओझ्याचा दंड २०१९ च्या दुरुस्तीने वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार रुपये असा झाला आहे. वाढवलेल्या पाट्यामुळे गाडी बसलेली दिसत नसली, तरी वजनकाट्याला ते कळतेच.

सारांश, क्रम असा ठेवावा. आधी मोजावे, रिकामी आणि भरलेली, डावी आणि उजवी. मग पाटे, बुश, शॅकल यांतले काय मेले आहे ते पाहावे. मेलेले बदलावे आणि पुन्हा मोजावे. दहांतील बहुतेक गाड्या येथेच थांबतील. डिफरेन्शियल घासत असेल तर पाट्यांना हात न लावता टायरचा विचार करावा, आणि वाट दुरुस्त करता आली तर त्याहून बरे. भरल्यावरच बसत असेल तर प्रथम नोंदणीपत्रातले वजन वाचावे. माल त्या मर्यादेत असूनही गाडी बसत असेल, तर एक लांब, जुळत्या जाडीचा पाटा पुरे. निव्वळ उंचीच हवी असेल आणि कायद्याची अडचण नसेल, तर पूर्ण नवा जुडगा, आणि तो न परवडल्यास एक लहान, एकसंध ठोकळा. कोणताही उपाय केला तरी यू-बोल्ट नवे घ्यावेत, कारण एकदा आवळून ताणलेला बोल्ट पुन्हा तशी पकड देत नाही. आणि चारपाचशे किलोमीटर गाडी चालल्यावर ते पुन्हा एकदा आवळून घ्यावेत. ते सैल राहिले तर सेंटर बोल्ट कापला जातो, ॲक्सल जागचा सरकतो, आणि गाडी रस्त्यावर खेकड्यासारखी तिरकी चालू लागते.

कमानीचा धर्म वाकण्याचा आहे. ओझे आले की ती वाकते, ओझे उतरले की सावरते, आणि या वाकण्यातच मालाचे, गाडीचे आणि माणसांचे रक्षण असते. जी कमान वाकेनाशी झाली ती बलवान झाली असे समजू नये. तिच्या वाट्याचा धक्का तिने फक्त दुसऱ्या कोणाकडे ढकललेला असतो. तो कोणाकडे गेला, क्रॉसकडे, ब्रेककडे, टोमॅटोकडे की हौद्यातल्या माणसाकडे, एवढे विचारण्याची सवय मालकांना लागली, तर मिस्त्रीही तितक्याच विचाराने पाना उचलतील.